रामधन मास्तरची पेटी

"कोणी मानणार नाही, बाप्पाहो. मले माहीत हाय, एक जनबी मानणार नाही. पण किन्हीराजाच्या लग्नातला बँजो मी तीन कोसावरून आयकला!"

शेषराव एवढं बोलला आणि मेडशीच्या एसटी थांब्यावर निंबाखाली बसलेली सगळी मंडळी त्याच्याकडे वळली. शेषरावला तेच हवं होतं. एकची गाडी यायला अजून घटकाभर होती आणि तेवढ्यात त्याला किन्हीराजाला जाऊन यायचं होतं. पायाने नव्हे, तोंडाने. पायाने जायचं राहून गेलं, तिथेच तर सगळं बिनसलं होतं.

आज मेडशीत ग्यानबाच्या पोराचं लग्न होतं आणि त्याच गाडीने मंगरूळपीरहून रामधन मास्तरची बँजो पार्टी यायची होती. पार्टीत ढोलकीवाला होता, खुळखुळेवाला होता, गाणारे दोघे होते. पण लोक जात ते मास्तरच्या बँजोसाठी. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. गाणं ओळखीचं असे, बाबासाहेबांचं नाहीतर नवरीच्या पाठवणीचं. दोन कडवी सडकेने सरळ जात. मग मास्तर डोळे मिटून असा काही आडरानात शिरे की अर्धा-अर्धा तास माघारी येत नसे, आणि ढोलकीवाला त्याला मागून शोधत हिंडे. आज एका गावात वाजलं ते उद्या दुसऱ्या गावात तसं वाजायचं नाही. म्हणून एकदा ऐकून कोणाचं भागत नसे. ज्याला नाद लागला, तो लागला.

शेषरावला लागून चार वर्षं झाली होती. तो सडकेच्या गँगवर गिट्टी फोडायचा आणि मास्तरमागे हिंडायला सुट्टी मिळावी म्हणून त्याने मुकादमापुढे आजवर तीन आत्या आणि दोन मामे मारले होते. त्यातली एक आत्या दोनदा. लग्नाच्या पत्रिका तो सायकलच्या तारेत ओवून ठेवी. एकेचाळीस झाल्या होत्या. बायको केशरबाई म्हणे, "लग्न लावनाऱ्यानंबी एवढे लग्न पाह्यले नसतीन."

पार्टीत एक रीत पडून गेली होती. एसटीच्या टपावरून बँजोची पेटी खाली घ्यायची ती ज्याने एकही कार्यक्रम चुकवला नाही त्याने. असे दोघे निघाले तर मान जुन्याचा. त्यानेच ती डोक्यावरून मांडवात न्यायची, झाकण उघडायचं आणि शेवटपर्यंत मास्तरच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. चार वर्षं तो गुडघा शेषरावचा होता. गावात त्याला कोणी शेषराव म्हणून ओळखो न ओळखो, 'पेटीवाला' म्हणून ओळखत.

आणि मग हा इंद्रभान उपटला. किन्हीराजाचा शिंपीकाम करणारा पोरगेला माणूस, टेरिलीनचा बुशशर्ट, दोन वर्षांत मास्तरच्या एका कार्यक्रमाला नागा नाही. ते एक वेळ शेषरावने सोसलं असतं. पण मास्तरने एकदा भर मांडवात त्याला विचारलं, "काय इंद्रभान, जमलं काय आज?" चार वर्षांत शेषरावला मास्तरने असं कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री शेषराव जेवला नाही.

माघात इंद्रभानच्या बहिणीचं लग्न निघालं. शेषरावला पत्रिका आली, त्याचं नाव लाल शाईने लिहिलेली. ओट्यावर बसून त्याने ती सात वेळा वाचली आणि सातही वेळा खालच्या 'आपला इंद्रभान' पाशी त्याला ठसका लागला. घरच्या लग्नात नवरीचा भाऊ म्हणून पेटी तोच उतरवणार. मास्तर जेवणार त्याच्या घरी, टेकणार त्याच्या बाजेवर. जायचं म्हणजे हे सगळं डोळ्यांनी पाहायचं! लग्नाच्या सकाळी शेषराव केशरबाईला म्हणाला, डोकं दुखते. दुखत होतं पोट, पण त्याला दवाखान्यात औषध नव्हतं. तो दिवसभर घरी पडून राहिला.

आणि नेमकं त्याच दिवशी मास्तरने असं वाजवलं की तसं पूर्वी कधी वाजवलं नव्हतं. सव्वा तास. पिठाच्या गिरणीत तेच, न्हाव्याच्या पाटावर तेच, गँगवर तेच. "श्वास धरून आयकलं, भाऊ, श्वास धरून!" पुढे काय झालं विचारावं, तर म्हणत, "ते सांगता येत नाही. तिथं असाले पाह्यजे होतं." हे एक वाक्य महिनाभर शेषरावच्या चपलेत खडा होऊन बसलं होतं.

आज थांब्यावर इंद्रभानने ते काढलंच. "शेषरावभाऊ, आज पेटी मी घेईन. तुमचा किन्हीराजाचा नागा पडला."

शेषरावने पिशवीतून तार काढून त्याच्या नाकापुढे धरली. "हे काय हाय? बाभळीचा पाला?"

"पत्रिका तं आली, भाऊ. मानूस कुठं आला? तुमाले तिथं कोनी पाह्यलं नाही."

"तू नवरीचा भाऊ! तुले पाहाले फुरसत कुठं होती? जावयाच्या जोड्याच्या मागं फिरून राह्यला होता तू!"

मंडळी हसली. त्या हशाने शेषरावची जीभ सुटली आणि मग त्याने ते तीन कोस काढले.

"गाडी चुकली म्हनून पायीच निघालो. तीन कोस राह्यले असतीन, तं वाटेत बैलगाडी उभी. गाडीवान म्हने, बैल चालत नाही. काहून चालतीन? ठेक्यावर माना हालवून राह्यले होते! मी कान लावला, तं लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून मास्तरचा बँजो. वाऱ्यावर सारा आला!"

"बैलाले ठेका समजला?" ग्यानबाने विचारलं. पोराच्या लग्नाची कामं टाकून तोही येऊन बसला होता.

"डाव्याले समजला. उजवा जरा मागंमागं होता."

ग्यानबाने मान डोलावली. उजव्या बैलाने त्याला पटवलं.

"पुढं तुरीचं वावर. मास्तर वरच्या पट्टीत गेला, तशा शेंगा फुटाले लागल्या, तड तड तड! वावरवाली लुगड्याचा पदर पसरून उभी. म्हने भाऊ, मास्तरले सांगा अजून अर्धा घंटा वाजवा, माह्या तुरी बडवाचं काम वाचते."

हशा वाढत चालला. इंद्रभान तेवढा खाली मान घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडते काय हा? शेषरावला वाटलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या पोटाला गार वाटलं.

"मांडवात पोचलो, तं मुंगीले जागा नाही. चढलो निंबावर. फांदीले दोन कर्णे बांधेल होते. एका कर्ण्याले पाठ लावून बसलो. पहिल्या झटक्यात टोपी उडाली. दुसऱ्यात मिशीचे केस ताठ झाले. सव्वा घंटा! अजून या डाव्या कानात घुमून राह्यलं. या, लावून पाहा."

एकाने खरंच कानाला कान लावला आणि म्हणाला, "हो ना बे."

सांगता सांगता शेषरावच्या डोळ्यांत पाणी आलं. ती फांदी त्याला दिसू लागली होती, मास्तरचे मिटलेले डोळे दिसू लागले होते. आपण खरंच गेलो असतो तर... पण तेवढ्यात वळणावर गाडीचा भोंगा वाजला. धुरळ्यातून एसटी आली. टपावर ताडपत्रीखाली पेटी. शेषरावने उपरण्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि गाडीच्या मागच्या शिडीवर पाय दिला. इंद्रभान जागचा हलला नाही.

"बाबू शेषराव!"

गाठोड्यावर बसून सुपारी कातरणारी भागिरथामाय बोलली होती. इंद्रभानची आत्या, सकाळच्या गाडीने किन्हीराजाहून आलेली.

"तू कर्ण्याले पाठ लावून बसला होता म्हनतं?"

"हो माय. पाठीवर अजून वळ हाय."

"मंग बुंदी कशी झालती, ते तं सांग."

"बुंदी?" शेषरावचा एक पाय शिडीवर, एक जमिनीवर.

"हो बाप्पा. कर्ण्याची मशीन तं सकाळीच जळाली. मास्तरनं मांडवाच्या मधात बसून बँजो तसाच वाजवला. आयकू यावं म्हनून लोकं श्वास धरून बसले होते, लेकरू रडू नये म्हनून बायांनं पदराखाली घेतलं. अन् ते दोन कर्णे मी निंबावरून उतरवून घेतले, अन् माशा बसू नये म्हनून उलटे करून बुंदीवर झाकले. सव्वा घंटा त्याईले पाठ लावून मीच बसली होती रे! तू कोन्या फांदीवर होता?"