साडेसहा तास

बाबांनी दंड भरून टाकला, तोही मला न विचारता.

इस्पितळाच्या आवारातलं पार्किंग एका खासगी कंपनीकडे आहे. फाटकावर कॅमेरा आहे, आणि कोणाला सोडायला किंवा न्यायला आलात तर पहिली वीस मिनिटं फुकट. कंपनीच्या पत्रात दोन फोटो होते. गाडी आत जाताना, सकाळी नऊ दहा. बाहेर पडताना, दुपारी तीन चाळीस. साडेसहा तास गाडी एक पैसा न भरता उभी होती, म्हणून दंड.

त्या दिवशी आईच्या खांद्याच्या तपासण्या होत्या. बाबांनी तिला सकाळी सोडलं आणि दुपारी घरी आणलं. मधे कुठे होतात असं मी विचारलं, तर त्यांनी पत्रातले फोटो पुन्हा पाहिले.

"असेन तिथेच बसलो," म्हणाले. "फोटो आहे ना."

बाबांनी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढली. अख्ख्या गल्लीला कुठली गोळी किती वेळा घ्यायची हे त्यांना तोंडपाठ असायचं. पण अलीकडे दोनदा त्यांच्या हातून शेगडी चालू राहिली होती, त्यात हे पत्र. मी त्यांची गाडीची किल्ली मागून घेतली. मागून घेतली हे आपलं म्हणायला; खरं तर खुंटीवरून उचलली आणि पर्समध्ये टाकली. दुसऱ्या आठवड्यात पाहिलं, तर आईच्या गोळ्यांची डबी भरताना ते एकेक गोळी तिला दाखवून विचारत होते, ही सकाळचीच ना? तरी किल्ली काही मी परत दिली नाही.

दंडाची रक्कम मात्र माझ्या डोक्यात गेली होती, म्हणून मी परतावा मागितला. वडील थकलेत, विसरतात, सांभाळून घ्या, असं चांगलं पानभर रडगाणं लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: दंड भरला म्हणजे चूक मान्य केली, प्रकरण बंद. मग मी फोन लावला आणि रोज लावत राहिले. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पायाने मशीन चालवत कानाला फोन लावून तासभर थांबायला मला काहीच जड जात नाही. शेवटी तिथला माणूस कंटाळला.

"ताई, गाडी मधे बाहेर गेली होती का? कधीकधी दोन फेऱ्या असल्या की कॅमेरा मधलं जाणं-येणं पकडत नाही. पुरावा असेल तर पाठवा."

हे त्याने बोलायला नको होतं बहुतेक, कारण लगेच फोन ठेवला. मी बाबांना पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मिटून खरोखर आठवून पाहिलं आणि मान हलवली. आई म्हणाली, आता पुरे, त्यांना छळू नकोस. मीही नाद सोडला.

पुढच्या सोमवारी दुकानात एक गिऱ्हाईक भांडायला आलं. त्याच्या जाकिटाला इस्त्रीचा डाग पडला होता आणि तो म्हणे मी पाडला. अशा लोकांसाठीच मी एक सवय लावून घेतली आहे. आलेला प्रत्येक कपडा दुकानाच्या काचेच्या दाराला अडकवायचा, फोटो काढायचा आणि मगच कात्री लावायची. त्याचं जाकीट शोधत फोनमध्ये मागे मागे गेले. डाग आधीचाच निघाला आणि त्याचं तोंड बंद झालं. पण त्याच्या जाकिटाच्या आधीच्या फोटोंत एक तपकिरी कोट होता.

बाबांचा कोट. अस्तर फाटलेला. तारीख तीच, वेळ अकरा बावन्न. काचेतून मागे फुटपाथला लागलेली बाबांची गाडी दिसत होती, नंबरसकट.

मग सगळं आठवलं. दुकानात तीन बायका खोळंबल्या होत्या. बाबा म्हणाले होते, तुझ्या आईला वेळ आहे, तोवर जरा बसू का? मी म्हणाले होते, बाबा, आत्ता नको, कोट ठेवा आणि जा. फोटो काढला तो हाताच्या सवयीने. घरच्या कामाचा नंबर माझ्याकडे नेहमी शेवटी लागतो, त्यामुळे कोट अजून मागच्या खोलीत गाठोड्यातच होता. दोन महिने.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की गिऱ्हाइकाची माफी मी मागितली. ते बिचारं आणखीच गोंधळलं.

फोटो पाठवला. कंपनीने 'सद्भावनेपोटी' असा शब्द वापरून पैसे परत केले. त्या रविवारी अस्तर लावलेला कोट आणि किल्ली घेऊन मी घरी गेले आणि बाबांना एका दमात सगळं सांगितलं. तुम्ही माझ्याकडेच आला होतात, मी तुम्हाला बसूही दिलं नाही, आणि वर विसरून गेले.

बाबांनी फोन हातात घेऊन फोटो लांब धरला, जवळ धरला. कोटाच्या अस्तरावरून बोट फिरवून टाके पाहिले.

"पण मलाही आठवत नव्हतं गं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे दोघंही विसरलो." त्यांनी फोन मला परत दिला. "किल्ली तेवढी माझी गेली."

आवाजात राग नव्हता. हिशोब चुकलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी कोट अंगात घातला, बटणं लावली, आणि मग हात पुढे केला.

"गुरुवारी तुझ्या आईला मीच नेईन," म्हणाले. "मधल्या वेळात तुझ्याकडे येऊन बसेन. एक खुर्ची रिकामी ठेव."