बेतोच्या बकरीची गोष्ट

ओतिलिया एल हुइसाचे हॉटेलात वाढायच्या कामाला लागली तेव्हा तिथं आठ टेबलं होती, आणि गिऱ्हाइकाला काय हवं हे विचारायची पद्धत नव्हती. दार ढकलून जो आत येई त्याचं पथ्य, त्याची सासू, त्याचं कुत्रं, सगळं तिला पाठ असे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडचा तो कोपरा. दारात हुइसाचेचं, म्हणजे आपल्या देवबाभळीचं, वेडंवाकडं झाड होतं. पाटी रंगवणारा शिडीवर चढून बसला तरी म्हाताऱ्या कान्तू मालकांना नाव सुचेना, म्हणून त्यांनी झाडाचंच नाव हॉटेलाला देऊन टाकलं. रविवारी चर्च सुटलं की मेनुदोसाठी, म्हणजे वजडीच्या लाल रश्श्यासाठी, लोक घरची पातेली घेऊन रांग लावत, आणि त्या रांगेत अर्ध्या वस्तीची लग्नं जमत नि मोडत.

पुढचे बदल एकदम झाले असते तर कुणीतरी बोंब तरी मारली असती. ते एकेक करून आले, पाय न वाजवता. आधी डुकराची चरबी जाऊन तेल आलं. म्हातारी माणसं म्हणाली, घेवड्याला चव नाही. त्यांना सांगण्यात आलं, तुमच्याच काळजासाठी केलंय. मग नाणं टाकून वाजणारी गाण्यांची पेटी दुरुस्तीला गेली ती परत आलीच नाही. मग कान्तू वारले आणि त्यांची मुलगी ग्रासिएला गल्ल्यावर बसली. ग्रासिएला मनानं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच तिच्यावर संशय धरून बसाल. पण कुठल्याशा मासिकानं शहरातल्या खाण्याच्या जागांची यादी काढली, त्यात एल हुइसाचेचं नाव आलं, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाकडच्या मोटारी दारात लागायला लागल्या. शेजारच्या रंगाच्या दुकानाची भिंत पाडली. टेबलं छत्तीस झाली. मेनुदो बंद, कारण त्याचा वास नव्या पाहुण्यांना सोसत नव्हता.

शेवटी एर्मिनियाचा तवा स्वयंपाकघरातून उचलून पुढं आणला आणि भोवती काच बसवली. एर्मिनिया तीस वर्षं मैद्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, लाटत होती, घामेजल्या जुन्या झग्यात. आता तिला भरतकामाचा रंगीत ब्लाउज घालून काचेत उभं राहायचं होतं, म्हणजे लोकांना फोनवर तिचे हात टिपता येतील. तिनं जन्मात तसला ब्लाउज घातला नव्हता.

"मी काय टाकीतला मासा आहे का गं?" पहिल्या दिवशी तिनं ओतिलियाला विचारलं.

"मासा बरा, कोमाद्रे. त्याला लाटावं लागत नाही."

दोघी मोन्क्लोव्हा रस्त्यावर शेजारी राहत, मधे फक्त तारेचं कुंपण. एर्मिनियाची योलांदा बाप्तिस्म्याला ओतिलियानं हातावर घेतली होती, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीहून एक बोटभर जास्तच धरतात. रोज तीन वाजता दोघी मिळून चालत घरी जात. वाटेत ओतिलिया बोले आणि एर्मिनिया ऐके. तशी वाटणी पहिल्यापासूनच होती.

ओतिलियाच्या तोंडाला कुलूप नव्हतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि कुणाला त्याचा राग नव्हता. एका टेबलावरची बातमी दुसऱ्या टेबलावर पोचवणं हे तिच्या कामातच धरलेलं. कुणाला नोकरी हवी, कुणाचं घर रिकामं होतंय, कुणाची म्हातारी पडली, हे सगळं तिच्यामार्फत फिरायचं आणि त्यात लोकांचं भलंच व्हायचं. पण आता वस्तीची माणसं यायची थांबली होती. रांगेत तासभर उभं राहून आपल्याच कोपऱ्यावरचा एन्चिलादा कोण खाणार? नवे पाहुणे तिच्याशी नीट वागत, पाणी मागत, आणि पुन्हा फोनकडे बघत. ओतिलियाच्या पोटात गोष्टी साचत गेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला कळलं की बोलायची भूक लागते आणि ती जेवणानं भागत नाही.

अशात एका मंगळवारी अकराला, गर्दीच्या आधी, सहा नंबरच्या टेबलावर एक तरणा माणूस येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा.

"कुणाचा रे तू?" ओतिलियानं विचारलं.

"कुका एस्कामियाचा नातू, दोन्या ओती. नोए." दोन्या म्हणजे बाईसाहेब; पोरगा अदबीचा होता.

"तामालेवाल्या कुकाचा? मग असा परक्यासारखा मेन्यू काय वाचतोस? ठेव तो खाली."

खरोखरच तो कुकाचा नातू होता. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं त्याला कढईत पुरीसारखे फुगवून काढलेले टाको आणून दिले आणि टेबलाशी उभीच राहिली. तो दर मंगळवारी, दर शुक्रवारी येऊ लागला. कागद नाही, पेन नाही, फोन खिशात. खाणं थांबवून तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचा, आणि ती दमली की हळूच म्हणायचा, "मग?"

तेवढंच. "मग?" ओतिलियाचं आयुष्यात इतकं चांगलं कुणी ऐकलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही.

तिनं त्याला पेन्या विधवेचं सांगितलं. लारेदोला राहणारी मुलगी बोलावतेय, म्हातारीचं मन अर्धं निघालंय, कुणीतरी जरासं ढकलायचा अवकाश. महिन्याभरात पेन्याबाईच्या घराला पाडकामाचं हिरव्या कापडाचं कुंपण पडलं. बरं झालं, ओतिलिया म्हणाली, लेकीकडे सुखात राहील. मग साल्दिवार भावांचं सांगितलं. आईच्या मयतीपासून एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत, मधोमध खडूची रेघ. ते ऐकताना नोए इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढं धाकट्या साल्दिवारनं आपला हिस्सा गुपचूप कुणाला तरी विकला. घेणारा कोर्टात गेला, वाटणी होत नाही म्हणून कोर्टानं अख्खं घर विकायला लावलं, आणि थोरला एका सकाळी पक्ष्याचा पिंजरा हातात धरून फुटपाथवर उभा दिसला. त्याला कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. मग कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ओर्तेगा, ज्याच्या पाठीनं दगा दिला होता आणि ज्यानं ते बायकोला सांगितलं नव्हतं. ओतिलियाला सांगितलं होतं. ओतिलियानं नोएला सांगितलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी दोघी घरी चालल्या होत्या. तिसऱ्या हिरव्या कापडापाशी ओर्तेगाचं कुत्रं मोडक्या पायरीवर बसून होतं. मालक त्याला न्यायला विसरला होता की नेता आलं नव्हतं, कोण जाणे. एर्मिनियानं पिशवीतली उरलेली तोर्तिया काढून त्याच्यापुढं टाकली.

"पेन्या, साल्दिवार, ओर्तेगा," एर्मिनिया म्हणाली. "आता कुणाचा नंबर, कोमाद्रे?"

ती सहज बोलली. पण ओतिलियानं ही तीन नावं ह्याच क्रमानं ऐकली होती, आणि ऐकली होती ती स्वतःच्या तोंडून. पेन्या वसंतात, साल्दिवार ईस्टरनंतर, ओर्तेगा उन्हाळ्यात. आणि तीन शुक्रवारांपूर्वी तिनं नोएला बेतोच्या बकरीची गोष्ट सांगितली होती.

ती तिची सगळ्यात चांगली गोष्ट. एर्मिनियाच्या लग्नात धाकटा दीर बेतो ह्याला भाजायसाठी बकरीचं पिल्लू आणायला पाठवलं. वाटेत पोराचा त्याच्यावर जीव जडला. त्यानं त्याचं नाव रेना, म्हणजे राणी, ठेवलं आणि तिला घेऊन चर्चच्या घंटाघरात लपून बसला. शंभर वऱ्हाडी नुसत्या घेवड्यावर जेवले, आणि वरून घंटा आपोआप वाजत राहिली, कारण राणी दोरी चावत होती. ओतिलिया घंटेचा आवाज काढायची, बकरीचं तोंड करायची. बापानं सगळ्यांदेखत बेतोच्या थोबाडीत मारली आणि पुढच्या वर्षी तो बकरी ट्रकमध्ये शेजारी बसवून लांब लबक शहराला निघून गेला, तो परत आला नाही, हा भाग ती शेवटी पटकन उरकायची. "मग?" नोएनं विचारलं होतं. मग काय, ओतिलिया म्हणाली होती, म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर अजून त्याच्याच नावावर आहे, थोरला मुलगा गेला, त्याची विधवा राहते तिथं, ती बघ काचेत, आणि बेतो तिकडं लबकात, गेल्यापासून एक फोन नाही.

ती रात्र तिनं कशी काढली ते विचारू नका. सकाळी तिनं योलांदाकडून काकाचा नंबर मिळवला. कशाला हवाय म्हणून पोरीनं विचारलं तर म्हणाली, जुना एक निरोप द्यायचाय.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बेतो? मी ओतिलिया. एल हुइसाचेची."

"अगं, ओतिलिया! परवाच तुमच्या सगळ्यांची आठवण निघाली." आवाज म्हातारा झाला होता, पण खुशीत होता. "कुकाचा नातू आला होता इथवर. सहा तास गाडी चालवत. काय गुणी पोरगा गं."

"काय म्हणाला तो?"

"बकरीची गोष्ट सांगितली. मलाच. घंटेचा आवाजसुद्धा काढला." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला जरा थांबावं लागलं. "मला वाटायचं, त्या दिवसाबद्दल अजून सगळे माझ्यावर चिडून असतील. म्हणून मी फोन केला नाही कधी. तर हा म्हणतो, अजून टेबलावर तुमचं नाव निघतं, लोक पोट धरून हसतात, कुणाच्या मनात काही नाही. चाळीस वर्षं झाली, ओतिलिया. मला रडूच आलं."

"आणि सही? बेतो, सही केलीस का कशावर?"

"केली की. म्हणाला, वहिनीला आता ते घर झेपत नाही, कागद मोकळे करायचेत, तुमचं नाव तेवढं अडलंय. तिचं काम होत असेल तर मी कशाला आडवा येऊ? मला वाटलं तिनंच पाठवलाय. तिनंच पाठवला ना?"

ओतिलियाला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. तिनं फोन खाली ठेवला, ॲप्रन बांधला आणि कामावर गेली, कारण शुक्रवार होता.

सहा नंबरवर नोए बसला होता. "आज गप्प गप्प, दोन्या ओती?" त्यानं विचारलं. ती त्याच्या पुढ्यातून तशीच पुढं गेली आणि काचेचं दार उघडून आत शिरली. गर्दीच्या वेळी आत कुणी जायचं नाही असा ग्रासिएलाचा नियम होता. बाहेर चार बायका फोन धरून उभ्या होत्या.

"अगं, इथं काय करतेस? मालकीण ओरडेल," एर्मिनिया म्हणाली. हात लाटतच होते.

"कोमाद्रे, बेतोनं आपला हिस्सा विकलाय. घराचा."

"कुणाला?"

"त्या सहा नंबरवाल्याला. आता तो कोर्टात जाईल. साल्दिवारचं झालं तसं होईल."

लाटणं थांबलं. एर्मिनियानं काचेतून नोएकडे बघितलं. तो तिच्याकडे बघून अदबीनं मान हलवत होता.

"बेतो कुठं असतो ते त्याला काय माहीत? आमचे कागद कुणाच्या नावावर आहेत ते काय माहीत?"

सांगायच्या आधी खोटं बोलायला जागा होती. योलांदाचं नाव घेता आलं असतं, सरकारी नोंदीचं घेता आलं असतं, आणि एर्मिनियानं विश्वास ठेवला असता, कारण तिनं आजवर ओतिलियाची प्रत्येक गोष्ट खरी धरली होती.

"मी सांगितलं," ओतिलिया म्हणाली. "बकरीची गोष्ट सांगता सांगता. तो ऐकत होता म्हणून. कोमाद्रे, मला बोलायला कुणी नव्हतं गं."

तव्यावरची तोर्तिया जळली. करपट धूर काचेत भरायला लागला, बाहेरच्या बायकांनी फोन खाली घेतले. एर्मिनियानं ती बोटांनी उचलली, बादलीत टाकली, आणि तवा फडक्यानं पुसून काढला. मग तिनं नवा गोळा हातात घेतला आणि तो नुसताच धरून उभी राहिली.

"मलाही विचारलं होतं त्यानं," ती म्हणाली. "इथंच काचेच्या दाराशी उभं राहून. दोनदा. तुझ्या घराचं. तुझ्या नावावर आहे का नवऱ्याच्या, मुलं कुठं असतात, पैशापाण्याची काही अडचण आहे का."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, ओतिलिया होय? ती कुठं राहते मला माहीत नाही."