एका घागरीत पंधरा प्रश्न

दिवाळीपर्यंत वर्गात माझं तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता नववीत असूनही गल्लीतल्या चौथीच्या पाच पोरांची मी मास्तरीण आहे! त्यांची स्कॉलरशिपची तयारी घेते. कुठं? नळावर.

यंदा अहमदपुरात पाऊस झालाच नाही. नळाची धार करंगळीएवढी. पोरांना घागरीपाशी बसवून आया कामाला जातात, म्हणून पाट्या मी तिथंच आणायला लावल्या. गाईडात अहमदपूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. ते खोडून ठसठशीत ‘लातूर’ लिहिलं. आपला जिल्हा नवा, आपण का जुनं शिकायचं?

घड्याळ आमच्यात कुणाकडंच नाही. म्हणून संक्रांतीला पोरांच्या शाळेतल्या सिद्रामप्पा गुरुजींच्या घड्याळावर मोजून घेतलं होतं : एक घागर भरायला दहा मिनिटं. मिनिटाला एक प्रश्न, म्हणजे एका घागरीत दहा.

माझी खरी काळजी पंचशीलाची. पोरगी हुशार, पण प्रत्येक उत्तर दोनदा तपासणार. तिची आई पारूबाई रस्त्याच्या कामावर जातात. त्यांनी मला रोकठोक सांगितलं होतं, "गुरुजींनी लातूरला परीक्षेला नेली तर पाचवीत घालते. न्हाईतर घरी बसून धाकट्याला सांभाळील." आणि गुरुजी तर शनिवारी चाचणी घेणार होते. पन्नास मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवील, त्यालाच ते नेणार.

पण मला कसली भीती! पंचशीला एका घागरीत आधी आठ करायची, मग बारा, आणि मंगळवारी चक्क पंधरा! मी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "बघा! याला म्हणतात शिकवणं!"

शांतम्मा मावशी घागरीवर हात टेकून हसायला लागल्या. "अगं बये, पोरं कुठली हुशार झाली? नळ म्हातारा झालाय! माझी घागर संक्रांतीला भरत होती पटकन. आता उभं राहून पाय दुखायलेत."

मला आधी रागच आला. मग संक्रांतीची ती दहा मिनिटं आठवली. धावत गुरुजींकडं गेले, घड्याळ मागून आणलं आणि नळाकडं डोळे लावून बसले. घागर भरली वीस मिनिटांनी!

म्हणजे वीस मिनिटांत पंधराच. पन्नास प्रश्नांना सदुसष्ट मिनिटं लागणार. मी पोरांना शिकवत नव्हते, नळाबरोबर हळू करत होते.

"अक्का, मग माझं शनिवारी?" पंचशीलानं विचारलं. तिचा चेहरा बघवेना.

"शनिवारला चार दिवस हायेत," मी म्हटलं. आवाज मोठाच ठेवला. "मावशी, तुमची कळशी द्या."

"आणि मी काय ओंजळीत पाणी नेऊ?"

"तुमचंच पाणी भरायचं. घागर नंतर, आधी कळशी."

कळशी घागरीच्या निम्मी, बरोबर दहा मिनिटांत भरली. पहिल्या कळशीत पंचशीलाचे सातच झाले. मी तिची पाटी ओढली. "दुसऱ्यांदा तपासायचं न्हाई! उत्तर लिहिलं की फुडं." ती चिडली, मावशीही चिडल्या, पण दुसऱ्या दिवशी नऊ झाले. शुक्रवारी तर रांगेतल्या बायकाच ओरडत होत्या, "चल पोरी, कळशी गळ्यापर्यंत आली!" तिनं दहावं उत्तर लिहिलं आणि पाणी काठावरून सांडलं. सांडलेल्या पाण्याबद्दल मावशींनी मला दोन शिव्या दिल्या, त्या मी आनंदानं खाल्ल्या.

शनिवारी मी शाळेच्या खिडकीबाहेर. पंचशीला मान खाली घालून लिहीत होती. मधेच पेन थांबलं, बोट मागच्या उत्तराकडं गेलं.  मग तिनं ओठ हलवले, बहुतेक ‘कळशी’ म्हणाली असावी, आणि पान उलटलं.

गुरुजी घंटेकडं निघाले, तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं होतं. पन्नासच्या पन्नास! चुका सहा, पण लातूरला जाणाऱ्या चौघांत तिचं नाव.

रविवारी पारूबाई कामावर गेल्या नाहीत. स्वतः घागर घेऊन रांगेत आल्या आणि ती नळाखाली ठेवून माझ्याकडं वळल्या.

"पाचवीला काय काय लागतंय, सांग बरं."

"सगळं आत्ताच?"

"सांग की सावकाश," त्या म्हणाल्या. "घागर भरायला वीस मिनटं हायेत."