बिनशिट्टीचा कुकर

मित्रांनो, कुकर म्हटलं की तुमच्या कानात आधी शिट्टी वाजते. मी मात्र जन्मात एकदाही शिट्टी मारलेली नाही. मी एक जुना विजेचा प्रेशर कुकर आहे. पोटात भांडं, कपाळावर वेळेचं गोल बटण, त्याखाली लाल दिवा आणि झाकणावर एक इवलीशी पिन. आत वाफ धरली की पिन वर येते आणि झाकण पक्कं बसतं. मग कोणी कितीही ओढाताण करो, वाफ जिरल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. हट्टी म्हणा हवं तर.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जेद्दाच्या दुकानात पोचलो. जालना जिल्ह्यातल्या हसनाबादचा मुनीर तिथं ड्रायव्हर होता. २००६ साली सुटीवर येताना त्यानं मला आपल्या आईसाठी आणलं. आई, म्हणजे कमरबी, मला उलटसुलट बघून म्हणाली, "सिट्टीच नै इसको? मुका है बिचारा." झालं! मुका कुकर म्हणून माझी रवानगी थेट कपाटावर. दीड वर्ष मी खोक्यात पडून होतो. समुद्र ओलांडून आलेल्याला असं अडगळीत टाकलं की किती लागतं, ते मलाच ठाऊक.

मग शेजारच्या घरात एक वाईट गोष्ट घडली, आणि माझे चांगले दिवस आले. तिथं धर्मराज आणि तुळजाबाई राहत. धर्मराज निवृत्त लाइनमन. अकरा हजार व्होल्टच्या लाइनीवर उभं आयुष्य काढलेला हा माणूस गॅसच्या शेगडीला मात्र टरकून असे. स्वतःचा चहासुद्धा त्यानं कधी केला नव्हता. एक दिवस तुळजाबाई गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने खाट सांगितली.

सुरुवातीला भाऊबंदांच्या घरून डबे आले. मग डबे रोडावले. तेव्हा नव्या जालन्यात राहणारी त्यांची लेक बेबीनंदा येऊन म्हणाली, "मी मायला घेऊन जाते."

"आन् मी?" धर्मराजनं विचारलं.

"दादा, दोन खोल्यांत सासू-सासरे, लेकरं. एक खाट बसल, दोन बसणार न्हाईत. तुमी चुलत्याकडं जेवा."

तुळजाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "नोकरीभर हे खांबावर राह्यले. आता कुठं घरात आलेत, तर मी जाऊ व्हय? मला न्हाई जायचं."

धर्मराज उसळून म्हणाला, "रांधतो मी! एक महिना दे मला."

बेबीनंदाला हसूच आलं. पण बाप हसत नव्हता. "बरं," ती म्हणाली, "महिन्यानं येते. मायचं खाण्याचं हाल दिसलं, तर त्याच गाडीत तिला घेऊन जाईन."

भिंतीपलीकडून कमरबीनं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला खोक्यातून काढलं, धूळ पुसली आणि धर्मराजपुढे ठेवलं. "भाऊ, ह्याला गॅस लागत न्हाई. लाइटवर चालतो. भाकरी मी धाडीन, वरण-भाताचं तुमी बघा."

लाइट म्हणताच धर्मराजचा चेहरा उजळला. माझ्या वायरीची परदेशी पिन इथल्या सॉकेटात बसेना. त्यानं वायर कापली, नवी पिन लावली, टेस्टर टेकवून पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, दीड वर्षात मला पहिल्यांदाच कोणी आपलं मानलं होतं.

पण पहिल्याच दिवशी फजिती झाली! तुळजाबाईंनी खाटेवरून सांगितलं, "डाळ-तांदूळ धुवा, पाणी घाला, हळद-मीठ टाका आन् तीन शिट्ट्या होऊ द्या." धर्मराज माझ्यापुढे मांडी घालून बसला. मी इमानेइतबारे खिचडी शिजवली, लाल दिवा विझवला.

"झाली का शिट्टी?" आतून आवाज आला.

"न्हाई अजून." त्यानं बटण पुन्हा फिरवलं. मी पुन्हा शिजवली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा बटण. तीनदा! मी ओरडून सांगणार कसा? झाकण निघालं तेव्हा आत खिचडी नव्हती, खळ होती. तिच्यानं निवडणुकीची पोस्टरं चिकटवता आली असती. तुळजाबाईंनी दोन घास खाल्ले, उरलेली म्हशीनं खाल्ली. धर्मराज डोक्याला हात लावून बसला.

तुळजाबाईंचीही अडचण खरीच होती. त्यांचा सगळा स्वयंपाक कानात होता. तुरीच्या डाळीला चार, भाताला दोन, हरभऱ्याला सहा. मिनिटं त्यांनी कधी मोजलीच नव्हती. शिट्टीशिवाय नवऱ्याला शिकवायचं कसं? मग त्या म्हणाल्या, "अहो, तुमी खांबावरून खाली हेल्पर कचरूला शिट्टी मारत व्हते ना? तीच मारा की!"

"येडी का तू? ह्या वयात घरात शिट्ट्या मारू?"

"मारा. कोण बघतंय?"

बघत कोणी नव्हतं, पण ऐकलं साऱ्या गल्लीनं. माझी पिन वर आली की धर्मराज मनगटावरच्या घड्याळात बघे आणि दर चार मिनिटांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी फुंके की गोठ्यातली म्हैस कान टवकारी. खाटेवरून तुळजाबाई मोजत. "एक झाली. दोन झाल्या. आता बंद करा!" कमरबी पदर तोंडाला लावून हसे. एकदा तिनं दारातूनच विचारलं, "भाऊ, आज हरबरा हाय वाटतं? सहा मोजल्या मी!"

हसा, पण वरण मऊ शिजू लागलं. मग दुसरं संकट आलं. त्या काळी लोडशेडिंग फार. शिवाय रानात पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडे आणि मी नुसता कोमट होऊन बसे. पण इथं धर्मराज घरच्या मैदानात होता. लाइट कधी जाणार, मोटारी कधी थांबणार, सगळं त्याला पाठ. त्या वेळा गाठून तो मला लावू लागला. पंधरा दिवसांत वरण, भात, हरभरा, वांग्याची भाजी त्याला जमू लागली. तुळजाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ठरल्या दिवशी दारात जीप थांबली. बेबीनंदा आत आली. मी डाळ शिजवत होतो. दोन शिट्ट्या झाल्या होत्या, आणि अचानक लाइट गेली! लोडशेडिंगची वेळही नव्हती. लाल दिवा विझला. धर्मराजचा चेहरा उतरला.

"दादा, काढा झाकण, मी गॅसवर ठेवते," बेबीनंदा पुढे झाली. तिनं झाकण ओढलं. मी सोडलं नाही. तिनं पुन्हा ओढलं. छे! वाफ सांभाळणं एवढंच मला येत होतं, आणि त्या दिवशी मी ती जिवाच्या कराराने सांभाळली.

"हात नका लावू त्याला," तुळजाबाई खाटेवरून म्हणाल्या. "आतल्या वाफंवर शिजंल."

अर्धा तास गेला. मग माझी पिन टक्‌कन खाली बसली. धर्मराजनं झाकण काढलं. डाळ फुलून आली होती. त्यानं ती घोटली, वरून लसणाची फोडणी घातली. हो, फोडणी! फोडणीचं कढलं शेगडीवर ठेवून, हात लांब धरून का होईना, पण घातली. भात सकाळीच झाला होता. लेकीला ताट वाढलं.

बेबीनंदानं पहिला घास घेतला आणि थांबली. "दादा, वरण अळणी हाय. मायला असं खाऊ घालून राह्यले का तुमी?"

मी मनात म्हटलं, आता जीप रिकामी जात नाही!

धर्मराजनं मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. "तुझ्या ताटात वरून घे. तुझ्या मायचं बीपी वाढून राह्यलं, म्हून डॉक्टरनं मीठ निम्मं केलं. येगळं रांधायचं म्हंजे खटाटोप, मंग मीबी तसंच खातो."

बेबीनंदाच्या घरी सात माणसांचं एकच पातेलं चढत होतं, तिथं मायपुरतं मीठ कोण कमी करणार? तिनं ताट खाली ठेवलं, दारात जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, तुमी जा. आज मी राहते इथं." परत आली ती डोळे पुसत. मिठाच्या वाटीला हात न लावता ती सगळं जेवली. मित्रांनो, त्या दिवशी मुका होतो म्हणून बरं, नाहीतर मी हुंदका दिला असता.

तुळजाबाई पुढे काठीवर चालू लागल्या. तरी सकाळचं वरण धर्मराजचंच राहिलं. आता माझी रबरी रिंग कडक झाली आहे, वाफ कडेनं निसटते, आणि महिनाभर मी फडताळात बसून आहे. तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर त्याची रिंग धूत चला, वाफेचं भोक साफ ठेवा, आणि चालेनासा झाला तर टाकून देण्याआधी कोणाला तरी दाखवा. आणखी एक काम सांगतो. तुमच्या घरी जी रोज रांधते, तिला स्वतःला मीठ किती लागतं, ते आज जेवायला बसण्याआधी विचारा.