वन्संना आणायची गाडी

"गाडी मेकॅनिककडे टाकून घरी यायचं नाही, सूनबाई. काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभं राहायचं. नजर हटली की चांगला भाग गेला आणि सडका बसला म्हणून समज."

मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण गॅरेजचं फाटक दिसलं की हा आवाज माझ्या कानाशी येतोच. गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं. घरातल्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती. सासूबाईंनी तर अबोलाच धरला होता. एकट्या वन्सं, यांच्या थोरल्या बहीण, माझ्या पहिल्या फेरीला मागच्या सीटवर येऊन बसल्या. गाडी फाटकाच्या खांबाला घासली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खांबच मध्ये आला गं."

अशी नणंद मिळायला भाग्य लागतं. त्या वन्सं डोंगरावरच्या त्यांच्या घरात एकट्या राहत होत्या. हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून आम्ही दोघं त्यांच्या मागे लागलो होतो की आता आमच्याकडे या. महिनोन् महिने "बघू" म्हणत राहिल्या, आणि एकदाच्या तयार झाल्या.

मी न्यायला गेले. बोचकं गाडीत ठेवलं, घराला कुलूप लावलं, निघालो, आणि त्यांच्या घराखालच्या पहिल्याच वळणानंतर थोड्या अंतरावर महाराणी बंद पडली. महाराणी म्हणजे आमची गाडी. यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी वापरून वापरून दमवलेली, मग आम्हाला दिलेली. नाव यांनी ठेवलं. मर्जी असेल तर चालते म्हणून. मी माळ हातात घेऊन जप करत बसले. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली, पण तोवर वन्संनी बोचकं काखेत मारलं होतं. दुखऱ्या पायानं त्या असा झपझप चढ चढून गेल्या की मला बघत राहण्याशिवाय काही करता आलं नाही.

पुढे फोनवर त्यांनी अटी घातल्या. "आणखी एकदा येईन म्हणते. पण न्यायला तूच यायचं. भाड्याची गाडी पाठवलीस तर दार उघडणार नाही, मी काही पार्सल नाही. आणि ती तुझी गाडी पुन्हा वाटेत बंद पडली, तर घर मला सोडत नाहीये असं समजेन. मग तू पाया पडलीस तरी यायची नाही."

"बरं," मी म्हटलं. "रविवारी सकाळी येते. नाही बंद पडणार."

शब्द तोंडातून गेला आणि जीव टांगणीला लागला. माझे काही साधे नेम आहेत. सकाळी जप झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. आवाज चढवायचा नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही. आणि ज्याच्यावर राग आला असेल, त्याच्यासाठी त्याच दिवशी प्रार्थना करायची. हा शेवटचा सगळ्यांत अवघड. त्या महिन्यात माझ्या प्रार्थनेत मेकॅनिकशिवाय दुसऱ्या कुणाला जागाच उरली नव्हती.

काचेच्या ऑफिसवाल्या मोठ्या गॅरेजनं प्लग बदलले. मग फिल्टर बदलला. मग बॅटरीवर बोट ठेवलं. मामंजींनी सांगितल्याप्रमाणे मी दरवेळी तिथे उभी होते, डोळ्यांत तेल घालून. त्यांच्याकडे महाराणी शहाण्या मुलीसारखी वागायची. फेरी मारून यायचे आणि म्हणायचे, "झाली बघा!" मी घेऊन निघाले की लांबच्या रस्त्यावर, खड्डे लागले की पुन्हा ठसका, पुन्हा काळा धूर आणि पुन्हा बंद.

शुक्रवारी मी तिला भोंग्याकडे नेली. लाकडाच्या वखारीमागे त्याची शेड आहे. माणूस हळू बोलूच शकत नाही म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात, आणि तोही त्या नावाला ओ देतो. जुन्या टायरात त्यानं मिरचीची रोपं लावली होती. चहाच्या डब्यात नटबोल्ट होते. बोल्टांच्या डब्यात चहा असेल की काय, अशी मला शंका आली.

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मध्ये मध्ये स्वतः बोलत ऐकून घेतलं. मग एकटाच गाडी घेऊन लांब चक्कर मारून आला. बोनेट उघडलं, वाकला, वास घेतला, पुन्हा लावलं.

"काकू, गाडी ठणठणीत आहे."

"मग बंद का पडते?"

"मला माहीत नाही." एवढं मात्र तो हळू म्हणाला.

पुढे काहीतरी येईल असं वाटलं.

"काही बदलायचं का?" मीच विचारलं.

"काय बदलू? काय बिघडलंय ते कळल्याशिवाय हात लावला तर चांगलंही बिघडेल." मग डोकं खाजवत म्हणाला, "उद्या सकाळी या. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. नेहमी चालवता तशीच चालवायची. माझ्यासमोर बंद पाडून दाखवा तिला."

घरी येऊन यांना सांगितलं. यांची नजर अधू झाल्यापासून गाडी मीच चालवते, पण गाडीबद्दलची मतं मात्र सगळी यांचीच असतात.

"माहीत नाही म्हणाला?" हे खुर्चीत ताठ बसले. "अगं, डॉक्टर म्हणाला मला माहीत नाही, तर त्याच्याकडून इंजेक्शन घेशील तू?"

"ज्यांना माहीत होतं त्यांची तीन घेतली की."

"तो भोंगा आहे! नुसता वाजतो."

"वाजला कुठे? तेवढंच एक तर हळू बोलला."

मग हे खऱ्या काळजीवर आले. "आक्की परत गेली ना, तर या खेपेला मी तिला तोंड दाखवू शकणार नाही," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. बहिणीला हे लहानपणापासून आक्की म्हणतात. चष्मा पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले. त्या रात्री मी प्रार्थना भोंग्यासाठीच केली. राग आला होता असं नाही. भीती वाटत होती. भीतीसाठी वेगळा नेम नाही माझा, म्हणून त्यातच बसवली.

शनिवारी सकाळी मी गाडीत बसले. रोजच्या सवयीनं, गार इंजिन पेटावं म्हणून चोकची मूठ ओढून गाडी सुरू केली, चोक आत ढकलला, पिशवी अडकवली आणि निघाले. वखारीपाशी भोंगा शेजारी येऊन बसला, आणि बसल्याबरोबर त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. त्याच्या मेव्हण्यानं ट्रकला बसवलेला हॉर्न, शेजारच्या कोंबड्या, वखारवाल्याची पाठ, सगळं ऐकवलं. गाव मागे पडलं. खडबडीत रस्ता लागला.

आणि बोलता बोलता तो थांबला. नाक वर करून हुंगायला लागला, घरात काही करपलं की बायका हुंगतात तसा.

"काकू, पेट्रोलचा वास."

महाराणीला ठसका लागला. मागे काळा धूर. दोन गचके खाल्ले आणि रस्त्याच्या कडेला ती बसकण मारून बसली.

"बघा," मी म्हटलं. मला वाईट वाटायला हवं होतं; पण खोटं कशाला बोलू, थोडा आनंद झाला. आता तरी त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नेहमीप्रमाणे पिशवी काढून मांडीवर घेतली आणि आत हात घालून माळ धरली.

"थांबा!" भोंगा एवढ्यानं ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले. "ती पिशवी कुठे होती आत्ता?"

"इथे. अडकवलेली."

"कशाला?"

मी बोट दाखवलं. चालकाच्या गुडघ्यापाशी, खालच्या बाजूला तोंड करून चोकची गोल मूठ आहे. हाताशी येते, म्हणून माळेची पिशवी मी कायम तिलाच अडकवते. पिशवीत माळ, छोटी पोथी, चष्म्याचं डबडं आणि घराच्या चाव्यांचा जुडगा.

त्यानं मुठीला हात लावला. मी सकाळी आत ढकललेली मूठ बोटभर बाहेर आली होती.

"खड्डा लागला की पिशवी हिसका देते," तो म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे पुन्हा हळू म्हणाला. "ही बाहेर आली की पेट्रोल जास्त जातं. थंड इंजिनाला ते हवं असतं, तापलेलं गुदमरतं." मग एकदम, "गॅरेजमध्ये गाडी देताना ही पिशवी..."

"माझ्याबरोबर. चाव्या असतात ना आत. आणि माळ मी कुठे सोडत नाही."

गॅरेजात दरवेळी मी डोळ्यांत तेल घालून उभी होते, आणि दुखणं माझ्याच काखेत लटकत होतं.

"म्हणजे मी जप करायचे तेव्हा सुरू व्हायची ती..."

"तेवढ्यात थंड व्हायची. काकू, राग मानू नका, पण तुमचा देवच गाडी बंद पाडतो आणि तोच चालू करतो!"

"बंद मी पाडत होते," मी म्हटलं. "देवावर कशाला घालता?"

यावर तो असा हसला की गाडी हलली. आणि मलाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी आवरेना.

गाडी सुरू झाल्यावर परत येताना मात्र तो गंभीर झाला. "पिशवी काढली म्हणून भागणार नाही. मुठीची पकड झिजलीय. नुसत्या पिशवीनं ओढली जाते, उद्या डोंगराच्या रस्त्यावर हादऱ्यानंही येईल. केबलसकट बदलायला हवी. माझ्याकडे मागे अशीच एक मोडीतली गाडी आहे, तिची काढून बसवतो. वेळ लागेल. तुम्ही जा घरी, संध्याकाळी मी आणून देतो."

जा घरी. शेडच्या दारात मी उभी राहिले आणि मामंजी कानाशी आलेच. सगळं सुटं करणार हा माणूस. उद्या सकाळी मला निघायचंय. पुन्हा जोडता आलं नाही तर? डोंगरावर वन्सं बोचकं बांधून बसल्या असतील, खिडकीशी, रस्त्याकडे पाठ करून, मी येण्याची आणि न येण्याचीही वाट बघत.

पण मी असाही विचार केला. मूठ बाहेर आलेली त्याला दिसली तेव्हा मला काय कळणार होतं? गुपचूप आत ढकलून तो म्हणू शकला असता, इंजिन उघडावं लागेल. मी मान डोलावली असती. त्यानं मलाच माझी चूक दाखवली. आणि आदल्या दिवशी, काही माहीत नव्हतं तेव्हा, माहीत नाही म्हणाला होता.

मी गाडीची चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"माझी नणंद यायची आहे उद्या," एवढंच सांगितलं.

"आणा की!" भोंगा गरजला.

मला गाडीशिवाय आलेली पाहून हे दारातच अडले. "सोडून आलीस? बाबांनी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

मग सगळी हकीगत सांगितली. पिशवीचं ऐकून हे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे टिपत म्हणाले, "आणि बाबांचं म्हणशील, तर ते कुठले डोक्यावर उभे राहतात! मी जायचो ना बरोबर. स्टूल मागवायचे आणि भिंतीला टेकून घोरायचे. काम झालं की मेकॅनिकच उठवायचा."

इतकी वर्षं मी त्या शब्दाखातर उभी राहिले होते! मी देवघरातल्या मामंजींच्या फोटोकडे पाहिलं. ते नेहमीसारखे करड्या नजरेनं बघत होते.

दुपार काही सरता सरेना. हे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, म्हणे पाय मोकळे करायला. दिवेलागणीला मी जपाला बसले आणि भोंग्याचा आवाज गाडीच्या आधी ऐकू आला. वाटेत कुणाशी तरी बोलत येत होता. चावी यांच्या हातात देऊन तो दारातूनच परत गेला.

रविवारी पहाटे उठून नेम केले. प्रार्थनेला बसले तर राग कुणावरच नव्हता. मग यांच्यासाठी केली, कारण थर्मास भरता भरता यांनी त्याचं झाकण हरवलं होतं.

अजून उजाडायचं होतं. हे अंगावर शाल घेऊन फाटक उघडायला आले. "आक्कीला म्हणावं, खोलीत पलंग खिडकीशी लावलाय. आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीय. नाही, दांडीचं सांगू नको, चिडेल." थोडं थांबून म्हणाले, "सावकाश जा."

गाडीत बसले आणि सवयीनं हात खाली गेला. मूठ तिथेच होती, घट्ट. मी ती ओढली, गाडी सुरू केली, आत ढकलली. तेव्हा दिसलं. शेजारच्या सीटच्या कडेला, माझ्या हाताशी येईल अशी, चमच्याचा दांडा वाकवून केलेली एक खुंटी बसवलेली होती. टोकं घासून गुळगुळीत केलेली, कापड फाटू नये म्हणून. भोंगा याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

मी तिला पिशवी अडकवली. गल्ली झोपेत होती म्हणून हॉर्न न देता गाडी बाहेर काढली, फाटकाच्या खांबाला अंतर देऊन, आणि डोंगराच्या रस्त्याला लागले.