साफ्ताचा एक उन्हाळा

झाम्फिराने बूट काढले, लोकरी मोजे काढले आणि अनवाणी पाय सिमेंटच्या फरशीवर टेकवले. सभागृहामागच्या त्या खोलीत शेगडी नव्हती. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता.

सरपंच ओव्हिदिऊ दार न वाजवताच आत आला.

"बाई, गारठाल. फेब्रुवारी चालू आहे."

"साफ्ताकडे बूट नव्हते, साहेब."

सरपंच हसला, पण खुर्चीवर बसला नाही. झाम्फिराला ही लक्षणं ओळखीची होती. जिल्ह्याच्या नाटक कंपनीत तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. रोमा या भटक्या जमातीतली पोर म्हणून तिला कायम भविष्य सांगणारी किंवा पाकीटमार यांच्याच भूमिका मिळत. एके दिवशी तिने कंपनी सोडली आणि स्वतःचीच गोष्ट बांधली. एक बाई, एक बाक. साफ्ता तीच, मालकीण तीच, मुकादमही तीच. जुन्या वालाकियात, म्हणजे आजच्या दक्षिण रुमानियात, रोमा लोक गुलाम होते, त्यांना विकत होते, आंदण देत होते, आणि त्यांतल्या काही जणांनी ते मान्य केलं नाही, ही ती गोष्ट. दर वर्षी गुलामी उठल्याच्या दिवशी ती कुठल्या ना कुठल्या गावात उभी राहून ती सांगे.

"दोनच गोष्टी सांगायच्या होत्या," सरपंच म्हणाला. "गुलाम हा शब्द जरा टोचतो. नोकर म्हणा. आणि द्रागोयेस्कू घराण्याचं नाव घेऊ नका. आमची शाळा त्यांनी बांधली. हे सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. लोक दुखावतील."

"कुठले लोक? वरच्या आळीतले की खालच्या रोमा वस्तीतले?"

"आमच्या गावात असा भेदभाव नाही, बाई."

"मग खालच्या वस्तीतले सगळे दाराशी का उभे आहेत? पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. मी आत्ताच बघून आले."

सरपंचाने हातातली टोपी फिरवली. "त्यांना सवय आहे. आणि तुम्हाला आम्ही बोलावलंय, हे विसरू नका. नाव घेतलंत तर मी दिवे बंद करायला सांगेन."

"सांगा की," झाम्फिरा डोक्यावरच्या रुमालाची गाठ मारत म्हणाली. "मी तोंडाने गोष्ट सांगते. दिव्याने नाही."

पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, सरपंचाची आई बसली होती. पारास्किवाबाई. सगळी हयात त्यांनी गावच्या पोस्टात काढली होती, आणि निवृत्त होऊनही लोक त्यांना पोस्टातल्या बाईच म्हणत. लग्न होऊन त्या वरच्या आळीत आल्या त्या कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. पाठ ताठ, हात मांडीवर. मुलगा शेजारी येऊन बसला तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

झाम्फिरा बाकावर चढली आणि साफ्ता झाली.

ती स्वयंपाकघरातली गुलाम. मालकिणीच्या तिसऱ्या मुलीबरोबर, पितळी भांडी आणि पिसांच्या उशा यांच्यासोबत आंदण म्हणून तिच्या सासरी आलेली. मालकिणीचा बारीक, लाडिक आवाज झाम्फिराने असा काही काढला की पुढच्या रांगा खळखळून हसल्या. मागचं कुणी हसलं नाही.

मग अठराशे अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. बुखारेस्टमध्ये तरुणांनी बंड केलं, आणि गुलामांना मोकळं केल्याचा पुकारा गावोगाव झाला. साफ्ताने हातातला झारा कढईत तसाच सोडला आणि फाटकाबाहेर चालू लागली. झाम्फिरा बाकावरून उतरून सभागृहभर चालली. हवं तिथे थांबली, हवं तिथे बसली. एका म्हाताऱ्याच्या पायाशी आडवी होऊन तिने छताकडे बघत म्हटलं, "आज मला कुणी उठवायचं नाही. ऊन आलं तरी नाही." दाराशी उभ्या असलेल्या एका बाईने डोळ्याला रुमाल लावला.

"एक उन्हाळा," झाम्फिरा उठून म्हणाली. "पुढे फौजा आल्या, बंड मोडलं. हुकूम निघाला, ज्याचा गुलाम त्याला परत. साफ्ता गेली नाही. उलट ती पालापालात जाऊन सांगत फिरली, जाऊ नका. ते एकेकाला नेतील, सगळ्यांना कसे नेतील? तिच्या सांगण्यावरून माणसं जंगलात गेली. शेवटी कुत्री सोडून तिला धरलं, आणि मालकाकडे इथे आणलं. या गावात. द्रागोयेस्कूच्या वाड्यासमोर. त्याच्या गुलामांच्या रांगेत."

सरपंचाने हात वर केला. दिवे गेले.

जाड पडद्यांमुळे भरदुपारी काळोख झाला. पुढे कुजबुज सुरू झाली, कुणीतरी उठायला लागलं. झाम्फिरा हलली नाही. एवढ्यात मागून कड्यांचा खळखळाट झाला. दाराशी उभी असलेली एक उंच म्हातारी पडदे ओढत होती. एक, मग दुसरा. बर्फाचा पांढरा उजेड आत आला. ती गेर्गिना होती, खालच्या वस्तीतली, बाजारात टोपल्या विकणारी.

"सांग गं पोरी," ती म्हणाली. "दिसतंय आम्हाला."

झाम्फिरा बाकावर चढली. आता ती मुकादम होती. मुकादम स्वतः रोमाच होता, म्हणून त्याने रोमांच्याच भाषेत विचारलं. जत्रेत अनोळखी माणूस भेटला की रोमा लोक एकमेकांना हेच विचारतात. फक्त वाड्यासमोर त्याचा अर्थ वेगळा होता.

"तू कुणाची?"

इथे झाम्फिरा नेहमी थांबे. मोठा श्वास घेई आणि साफ्ताचं उत्तर देई. आज तिच्याआधी उत्तर आलं. त्याच भाषेत, पहिल्या रांगेतून.

"मी नेगोइत्सा कल्हईवाल्याची. धाकटी."

पुढच्या लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग असावा. मागच्यांना मात्र ती भाषा कळत होती; ते टाचा उंचावून बघू लागले. पारास्किवाबाई उभ्या राहिल्या होत्या. पाठ ताठच होती.

"आई, काय बोललीस तू?" सरपंचाने दबक्या आवाजात विचारलं. "बस ना. काय म्हणालीस?"

"तुला कळायचं नाही. मी शिकवलंच नाही तुला." मग त्या रुमानियनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "मी खालच्या वस्तीतली, ओव्हिदिऊ. आमचीही माणसं त्याच रांगेत उभी होती. या बाईंनी नोकर म्हटलं असतं तर मी गप्प घरी गेले असते. दिवे लाव."

सरपंच जागचा उठला नाही. दिवे लागले नाहीत.

झाम्फिराने पारास्किवाबाईंकडे बघून मान तुकवली आणि गोष्ट पुरी केली. साफ्ताचं उत्तर, चाबूक, पुन्हा पळणं, आठ वर्षांनी आलेला कायदा. शेवटी टाळ्या मागून सुरू झाल्या. पुढच्यांपैकी काहींनी वाजवल्या, काही आपले कोट घालत राहिले.

ती बूट घालून बाहेर आली तेव्हा सरपंच गाडीचं दार उघडून उभा होता.

"आई, बस. घरी बोलू."

"तू हो पुढे."

"कुठे जाणार या बर्फात? तिथे कोण आहे तुझं?"

पारास्किवाबाई रस्ता ओलांडून गेर्गिनापाशी गेल्या. दोघींचं नाक सारखंच होतं, उंचीही सारखीच. बाजारात दोघी इतकी वर्षं एकमेकींसमोरून मान फिरवून गेल्या होत्या, हे खालच्या वस्तीत पोराटोरांनाही माहीत होतं.

"रस्ता आठवला वाटतं आज," गेर्गिना म्हणाली.

"विसरले नव्हते, ताई."

"आईला मातीला नेलं तेव्हाही नव्हतीस विसरली?"

पारास्किवाबाईंनी हात पुढे केला. "निसरडं आहे. हात दे."

"हात-बित मिळायचा नाही." गेर्गिनाने शाल डोक्यावरून ओढली आणि उताराकडे वळली. "यायचं तर ये."

ती पुढे निघाली. पण फार हळू चालत होती.