रगणात काय बसतं

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली, पण उजवा हात शाबूत राहिला. त्या हातानं ते खाटेच्या कठड्यावर वाजवत:

धप्. टिक. धप्.

तळवा म्हणजे गुरू, बोट म्हणजे लघु. गुरू, लघु, गुरू: झाला रगण. जन्मभर वृत्तं शिकवलेला माणूस. जेवतानासुद्धा ताटाशेजारी एक गण वाजवायचे, आणि लेकीनं पुढचा वाजवून ओळ चालू ठेवायची, असा बापलेकीचा खेळ. त्या संध्याकाळीही लेकीनं तेच केलं.

टिक. धप्. धप्.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. चुकलं वाटून तिनं दुसरा गण दिला. मग तिसरा. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळ रंगला, असं समजून ती हसत आपल्या घरी गेली.

पहाटे बाबा गेले.

आता ती लॉन्ड्रीत वाफेच्या प्रेसवर उभी असते. झाकण पडतं, पेडल सुटतं, झाकण वर आदळतं.

धप्. टिक. धप्.

"आत्या, ते वृत्त नव्हते गं वाजवत. काहीतरी सांगत होते."

"आता उजाडलं होय तुला?" शेवटपर्यंत बाबांपाशी राहिलेली आत्या फोनवर म्हणाली. "जीव कासावीस झालेला त्याचा, आणि तू मेली ठेका धरून बसलीस."

"पण काय सांगत होते?"

"ते तुम्हा दोघांचं तुम्हाला ठाऊक."

मग ती शर्टामागून शर्ट दाबत शब्द घालून बघू लागली.

ये इथे.
        बसतं.
श्वास दे.
        बसतं.
जा घरी.
        बसतं.
थांब ना.

हेही बसतं. सगळंच बसतं. रगण कुणालाच नाही म्हणत नाही.

करपल्याचा वास आला. मालकीणबाई धावत आल्या. "अगं, कॉलरचा कोळसा केलास. लक्ष कुठंय? बरं नसेल तर जा घरी."

तिनं मशीन बंद केलं. वाफ फुसकन निघून गेली. झाकण उघडं, पेडल मोकळं. तरीही:

धप्.
टिक.
धप्.

पुढचा गण द्यायला तिचं बोट उचललं गेलं. तिनं ते दुसऱ्या हाताच्या मुठीत आवळलं.

"नाही जात," ती म्हणाली.

"बरं बाई, नको जाऊस," मालकीणबाई म्हणाल्या आणि काउंटरकडे वळल्या.

तिनं कपड्यांची रिकामी टोपली पालथी घातली, थंड होत चाललेल्या प्रेसला खेटून तिच्यावर बसली, आणि काहीही न वाजवता नुसती ऐकत राहिली.